बर्फावरचे अस्वल

आपल्याकडचे अस्वल काळे असते. अंगावर लांब केस, छातीवर पांढरा पट्टा. ते वारूळ उकरून वाळवी खाते. मोहाच्या दिवसांत मोहाची फुले खाते. मधासाठी झाडावरही चढते. पूर्वी दरवेशी अस्वलाला घेऊन गावात यायचा. ती चाल आता कायद्याने बंद झाली आहे. पण अस्वल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हेच जनावर उभे राहते.

पृथ्वीच्या पार उत्तरेच्या टोकाला आणखी एक अस्वल राहते. ते पांढरे असते. ते जिथे राहते तिथे झाड नाही, वारूळ नाही, मधाचे पोळे नाही. चहूकडे बर्फ.

रात्रीच्या वर्गात आम्ही या अस्वलाचे चित्र भिंतीवर लावले. मागे बसलेल्या एका बाई म्हणाल्या, "अहो, पण तिथं हिरवं पान दिसत नाही. मग एवढं थोरलं जनावर खातं तरी काय?"

प्रश्न अगदी नेमका होता. या अस्वलाची सारी गोष्ट त्या प्रश्नातच आहे. म्हणून आपणही तिथूनच सुरुवात करू.

समुद्राची जमीन होते

उत्तरेच्या टोकाला जमीन नाही. तिथे समुद्र आहे. त्या समुद्राभोवती देश आहेत. कॅनडा आहे, रशिया आहे. अमेरिकेचा अलास्का नावाचा प्रांत आहे. नॉर्वेची बेटे आहेत. आणि ग्रीनलंड आहे. ते डेन्मार्कच्या राज्यात मोडते.

तिथे हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवतच नाही. उन्हाळ्यात तो मावळत नाही. हिवाळ्यात थंडी इतकी पडते की समुद्र गोठतो. गोडे पाणी शून्य अंशावर गोठते. समुद्राचे पाणी खारे, म्हणून ते थोडे उशिरा, उणे १.८ अंशाच्या सुमारास गोठते. पाण्यावर बर्फाची जाड पाठ तयार होते. तिच्यावरून माणूस चालतो, गाडीसुद्धा चालते. वर बर्फ, खाली पाणी.

आता गंमत पाहा. आपले पीक जमिनीच्या वर येते. तिथले पीक बर्फाच्या खाली येते! वसंतात सूर्य परत आला की बर्फातून उजेड झिरपतो. बर्फाच्या खालच्या अंगाला बारीक शेवाळ धरते. ते शेवाळ झिंग्यासारखे बारीक जीव खातात. त्या जिवांना मासे खातात. माशांना सील खातात. आणि सीलला अस्वल खाते. म्हणजे बाईंनी विचारलेले हिरवे पान तिथे आहे. ते बर्फाच्या पोटाला चिकटलेले आहे, म्हणून वरून दिसत नाही.

सील म्हणजे काय, तेही सांगतो. हा मासा नव्हे. त्याचे तोंड कुत्र्यासारखे असते. पाय वल्ह्यासारखे चपटे असतात. अंगावर चरबीचा जाड थर असतो. तो पाण्यात राहतो, पण आपल्यासारखा हवेत श्वास घेतो. मग वर बर्फ असताना तो श्वास कसा घेणार? तो नखांनी बर्फ कुरतडून भोके पाडतो. ती बुजू नयेत म्हणून पुन्हा पुन्हा कुरतडत राहतो. थोड्या थोड्या वेळाने तो एकेका भोकाशी येतो, श्वास घेतो आणि खाली जातो.

अस्वल या भोकाशी जाऊन बसते. हलत नाही, आवाज करत नाही. कधी तासन् तास बसते. सीलने नाक वर काढले रे काढले की झडप! बहुतेक वेळा सील निसटतो. अस्वल उठते आणि दुसऱ्या भोकाशी जाऊन बसते.

तुम्ही विचाराल, "या अस्वलाला पोहता येत नाही का?" येते की! उत्तम येते. २००८ साली अलास्काच्या उत्तरेला एका मादीने ९ दिवस सलग पोहून ६८७ किलोमीटर पाणी तोडले. तिच्या गळ्यातल्या पट्ट्यावरील यंत्रामुळे हे कळले. पण मोकळ्या पाण्यात सील अस्वलापेक्षा फार चपळ. पोहत पाठलाग करून तो सहसा हाती लागत नाही. त्याला धरायचे तर पायाखाली बर्फ पाहिजे. ती मादी हौसेने पोहली नव्हती. बर्फ दूर गेला होता, तो गाठायला ती निघाली होती. त्या वर्षी तिचे वजन पाचव्या हिश्शाहून जास्त घटले. तिच्याबरोबर तिचे एक पिल्लू होते. ते वाचले नाही.

तर असे आहे. हा बर्फच या अस्वलाचे शेत आहे.

आईचा उपास

हे अस्वल केवढे असते? मोठा नर चांगल्या खिलारी बैलाएवढा भरतो, कधी त्याहूनही जड. मादी त्याच्या निम्म्याने. केस दिसायला पांढरे, पण एक केस उपटून पाहिला तर त्याला रंगच नसतो. आणि केसांखालची कातडी काळी असते. कातडीखाली चरबीचा थर असतो. (पेंग्विन नावाचा पक्षी आणि हे अस्वल शेजारी शेजारी काढलेले चित्र तुम्ही कॅलेंडरवर पाहिले असेल. ते चित्र खोटे. पेंग्विन दक्षिणेकडचा. दोघांची कधी गाठच पडत नाही.)

कॅनडात हडसनचा उपसागर आहे. तिथे काय घडते ते नीट समजून घेऊ, कारण तिथल्या अस्वलांची गणना बरीच वर्षे चालू आहे. हा उपसागर नोव्हेंबरच्या सुमारास गोठतो. जून-जुलैपर्यंत त्याचा बर्फ फुटतो. बर्फ फुटला की अस्वले किनाऱ्यावर येतात आणि पुन्हा थंडी पडण्याची वाट पाहतात. त्या काळात त्यांना जवळजवळ काहीच खायला मिळत नाही.

मग ती जगतात कशावर? अंगातल्या चरबीवर. वसंतात सीलची पिल्ले जन्मतात. ती गुबगुबीत असतात आणि फारशी सावधही नसतात. तीच अस्वलाची सुगी. त्या दोन-तीन महिन्यांत अस्वल मनसोक्त खाते आणि अंगाची कणगी भरून घेते. पुढे उन्हाळाभर त्याच कणगीतले काढून खायचे.

गाभण मादीचे काय, ते ऐका. इतर अस्वले नोव्हेंबरात बर्फावर परततात. ती परतत नाही. ती आत, जमिनीत बिळ करून पडून राहते. वरून बर्फ पडतो आणि बिळ झाकून जाते. ऐन थंडीत, काळोखात, ती विते. बहुधा दोन पिल्ले असतात. एवढ्या मोठ्या जनावराचे पिल्लू केवढे असावे? सुमारे ६०० ग्रॅमचे! तळहातावर मावेल एवढे. डोळे मिटलेले. आई त्यांना पोटाशी घेते आणि दूध पाजते. ते दूध आपल्या म्हशीच्या दुधापेक्षा कितीतरी दाट असते. फेब्रुवारी-मार्च उजाडला की ती पिल्लांना घेऊन बाहेर येते आणि बर्फाकडे चालू लागते.

म्हणजे हिशेब करा. जुलैत ती किनाऱ्यावर आली. मार्चमध्ये बर्फावर पोचली. मध्ये आठ महिने गेले. आठ महिने पोटात घास नाही! आपल्याकडे बाळंतिणीला अळिवाची खीर, डिंकाचे लाडू. तिला काही नाही. स्वतः जगायचे, दोन जीव वाढवायचे, आणि सारे त्या कणगीतून.

आता अडचण कुठे आली पाहा. हडसनच्या उपसागरात १९८० च्या सुमाराला जेवढे दिवस बर्फ नसे, त्याहून आता तीन-चार आठवडे जास्त बर्फ नसतो. तो लवकर फुटतो आणि उशिरा धरतो. लवकर फुटला, म्हणजे सुगी आखडली. कणगी पुरती भरली नाही. उशिरा धरला, म्हणजे तीच अपुरी कणगी जास्त दिवस पुरवायची. एकाच वेळी दोन्हीकडून तोटा. शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

मादी वाळली की पिल्लेही हलकी जन्मतात. दूध आटते. पिल्ले जगत नाहीत. मोठी अस्वले एकदम मरून पडलेली दिसतात असे नव्हे. कळपात पोर दिसेनासे होते, आणि मग वर्षावर्षाने संख्या उतरते. त्या उपसागराच्या पश्चिम भागात १९८७ साली सुमारे १२०० अस्वले होती. २०२१ च्या गणनेत ६१८ भरली. सगळीच मेली असे कोणी म्हणत नाही. काही शेजारच्या भागात गेली असतील. पण निम्मी उरली, हे खरे.

कोणी म्हणेल, "जनावर हुशार असते. सील नाही मिळाले तर दुसरे काही खाईल." ही शंका शास्त्रज्ञांनाही आली. त्यांनी २० अस्वलांच्या गळ्यात कॅमेरे बांधले आणि तीन आठवडे पाहिले. २०२४ साली त्यांनी ते छापून सांगितले. काही अस्वले नुसती पडून राहिली. काहींनी बोरांसारखी रानफळे खाल्ली, गवत खाल्ले, मेलेले पक्षी खाल्ले. काही खाण्याच्या शोधात लांबवर पोहून आली. शेवटी पुन्हा वजने केली. वीसपैकी एकोणीस वाळलेली! दिवसाला सरासरी एक किलो. ज्यांनी हिंडून खाल्ले तीही वाळली आणि जी पडून राहिली तीही वाळली. रानफळांवर एवढा देह पोसत नाही.

चर्चिल गावचे लोक

त्या किनाऱ्यावर चर्चिल नावाचे लहान गाव आहे. वस्ती हजारसुद्धा नाही. तिथे मोटारीचा रस्ता जात नाही. आगगाडीने किंवा विमानाने जावे लागते. गाव अस्वलांच्या वाटेवरच आहे. भुकेली अस्वले बर्फाची वाट पाहत गावाजवळ घोटाळतात. बिबट्याच्या भागात राहणाऱ्या वाचकांना तिथल्या माणसांचे मन लगेच कळेल.

तिथे पुष्कळ लोक मोटारीला कुलूप लावत नाहीत. रस्त्यात कोणाला अस्वल आडवे आले तर चटकन आत शिरता यावे, म्हणून. ३१ ऑक्टोबरच्या रात्री त्या देशातली मुले सोंगे घेऊन घरोघर खाऊ मागायला निघतात. नेमके तेच अस्वलांचे दिवस. म्हणून त्या रात्री मोठी माणसे गावाभोवती पहारा देतात आणि मुले बिनघोर फिरतात.

पूर्वी चर्चिलमध्ये उघडा उकिरडा होता. वासाने अस्वले तिथे यायची. २००५ च्या सुमाराला तो बंद केला. त्यानंतर कचरा बंद इमारतीत ठेवू लागले. एखादे अस्वल गावात वारंवार येऊ लागले तर त्याला पिंजऱ्यात धरतात आणि एका मोठ्या इमारतीत कोंडतात. लोक तिला अस्वलांचा तुरुंग म्हणतात. या तुरुंगात पाणी मिळते, जेवण मिळत नाही! ऐकून वाईट वाटते. पण त्यामागे विचार आहे. माणसाजवळ गेले की खायला मिळते, हे एकदा अस्वलाला कळले की ते पुन्हा पुन्हा येणार, आणि मग त्याला गोळी घालावी लागणार. समुद्र गोठला की त्याला सोडून देतात, नाहीतर हेलिकॉप्टरने लांब नेऊन ठेवतात. या सगळ्यामुळे माणूसही वाचतो आणि अस्वलही. आम्हांला या गावाचे मोठे कौतुक वाटते.

बंदुकीपासून वाचले

एके काळी या अस्वलांवर वेगळेच संकट होते. कातड्यासाठी आणि हौसेसाठी त्यांची बेसुमार शिकार होई. अलास्कात शिकारी विमानातून अस्वल हुडकीत. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर पेटीत बंदूक लपवीत आणि तिच्या घोड्याला मांस बांधून ठेवीत. अस्वलाने मांस ओढले की गोळी सुटे. पिल्लांची आई मेली की पिल्लेही गेली.

रशियाने, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत संघाने, १९५६ सालीच शिकार बंद केली होती. १९६५ साली पाचही देशांची माणसे अलास्कात एकत्र बसली. १९७३ च्या नोव्हेंबरात नॉर्वेची राजधानी ऑस्लो इथे पाचांनी करार केला. त्या काळी अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांचे हाडवैर. पण अस्वलासाठी दोघांनी एकाच कागदावर सह्या केल्या. विमानातून शिकार बंद झाली. हौशी शिकारीला आळा बसला. पुष्कळ ठिकाणी अस्वले पुन्हा वाढली.

तिथल्या मूळच्या लोकांना मात्र करारात सूट आहे. इन्युइट लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याच बर्फावर राहत आले. ते अस्वलाला नानूक म्हणतात. त्याचे मांस खातात, कातडे पांघरतात. किती अस्वले मारायची याचा आकडा ठरवून दिलेला असतो. त्यांच्यातले काही जाणते म्हणतात, "आमच्या गावाजवळ अस्वले कमी नाहीत, उलट जास्त दिसतात." गणना करणाऱ्यांचे आणि त्यांचे यावरून वाद होतात. भुकेले जनावर वस्तीजवळ जास्त दिसणारच, असेही कोणी म्हणते. काहीही असो, ज्यांचा जन्म त्या बर्फावर गेला त्यांचे म्हणणे बाजूला सारून चालणार नाही, असे आम्हांला वाटते. बर्फ गेला तर त्यांचीही वाट आणि त्यांचीही शिकार जाते.

कुंपण कशाला घालणार?

करारात आणखी एक गोष्ट लिहिली आहे. नुसते अस्वल राखायचे नाही, त्याची राहण्याची, खाण्याची आणि विण्याची जागाही राखायची. त्याप्रमाणे कामे झाली. रशियाने १९७६ साली रँगेल बेट राखीव केले. तिथे पुष्कळ माद्या विण्यासाठी येतात. कॅनडाने १९९६ साली चर्चिलजवळ वापुस्क नावाचे राष्ट्रीय उद्यान केले. वापुस्क म्हणजे तिथल्या क्री लोकांच्या बोलीत पांढरे अस्वल.

जमीन राखता येते. पण बर्फाला कुंपण कसे घालणार?

स्वालबार्डमध्ये होपेन नावाचे एक चिंचोळे बेट आहे. माद्या तिथे विण्यासाठी जात. नॉर्वेने २००३ साली ते राखीव केले. बेट राखले, शिकार नाही, त्रास नाही. पण ते बेट समुद्रात एकटे आहे. मादी शरद ऋतूत गोठलेल्या समुद्रावरून चालत तिथे पोचायची. आता बर्फ उशिरा येतो. ज्या वर्षी फार उशीर होतो, त्या वर्षी होपेनवर माद्यांची बिळे फारशी सापडत नाहीत. घर शाबूत आहे. घरी जायची वाट गेली.

हा बर्फ वितळतो का? आपण कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळतो. त्यातून कर्बवायू निघतो. तो हवेत साठतो आणि पृथ्वीवर गोधडीसारखा पसरतो. उन्हाने आलेली ऊब बाहेर जाऊ देत नाही. सारी पृथ्वी तापते आहे, पण उत्तर टोक इतरांच्या तिप्पट-चौपट वेगाने तापते आहे. त्याचे एक कारण साधे आहे. उन्हात पांढरे धोतर वाळत घाला आणि शेजारी काळी घोंगडी घाला. थोड्या वेळाने हात लावून पाहा. घोंगडी तापलेली असते. बर्फ म्हणजे पांढरे धोतर. तो ऊन परत फेकतो. बर्फ वितळला की खालचे काळे पाणी उघडे पडते. ते ऊन पिते, तापते आणि शेजारचा बर्फ वितळवते. एकदा सुरू झाले की वाढतच जाते.

१९७९ पासून उपग्रह आकाशातून हा बर्फ मोजतात. सप्टेंबरात तो सर्वांत कमी असतो. तेव्हाच्या सप्टेंबरात सुमारे सत्तर लाख चौरस किलोमीटर बर्फ उरत असे. म्हणजे आपल्या भारत देशाच्या दुप्पट. २०१२ साली उरला सुमारे चौतीस लाख, म्हणजे जेमतेम एक भारत. त्यानंतर इतका कमी पुन्हा झालेला नाही, पण पूर्वीइतका परतही आलेला नाही.

सगळीकडे सारखेच हाल आहेत असेही नाही. जगात मिळून सुमारे २६,००० अस्वले असावीत असा २०१५ सालचा अंदाज आहे. रशिया आणि अलास्का यांच्यामधल्या समुद्रातली अस्वले अजून चांगली धष्टपुष्ट आहेत. हडसनची वाळली आहेत. ज्या भागातला बर्फ आधी जातो तिथली अस्वले आधी उपाशी पडतात.

गोळी थांबवायला पाच देश पुरले. गोधडी पातळ करायला मात्र सगळे जग लागते. २०१५ साली पॅरिस शहरात जवळजवळ सर्व देशांनी धूर कमी करण्याचे कबूल केले. त्यांत आपलाही देश आहे. पूर्वीपासून सर्वांत जास्त धूर सोडला तो श्रीमंत देशांनी. आजही माणशी पाहिले तर आपला धूर त्यांच्याहून पुष्कळ कमी आहे. पण देश म्हणून एकूण पाहिले तर आपणही आता मोठ्यांच्या रांगेत आहोत. कबूल केलेले काम सगळीकडेच मागे पडले आहे, हे सांगताना आम्हांला संकोच वाटतो.

गोव्यात वास्को इथे आपल्या सरकारची ध्रुव प्रदेशांचा अभ्यास करणारी संस्था आहे. तिने २००८ साली स्वालबार्ड बेटांवर ठाणे उघडले. त्याचे नाव हिमाद्री. आपल्या देशाची माणसे तिथे जाऊन राहतात आणि हवा, बर्फ, पाणी मोजतात. वस्तीबाहेर पाऊल टाकायचे तर बरोबर बंदूक लागते, कारण अस्वल कुठून येईल याचा नेम नाही. ठाण्यासमोर समुद्राची एक लांब खाडी आहे. २०१४ साली आपल्या लोकांनी तिच्या पाण्यात यंत्रे सोडली. खाडी किती तापते, किती खारट होते, ते ती यंत्रे वर्षभर टिपतात. ही खाडी पूर्वी हिवाळ्यात चांगली गोठत असे आणि सील तिच्या बर्फावर वीत. २००६ च्या हिवाळ्यापासून ती पूर्वीसारखी गोठत नाही.